भिंतीवरची मोठी माणसं

लेकीकडं सुट्टीला सांगलीत आलेले रिटायर सुभेदार नाथाजी बायकोला घेऊन चित्रांचं म्युझियम बघायला गेले. पहिल्याच दालनात पगडीवाल्या, मिशाळ सरदारांची मोठाली चित्रं! अंबूबाईंनी झटकन डोक्यावरून पदर घेतला आणि खाली मान घालून चालू लागल्या.

“अगं, रंगवलेल्या माणसांम्होरं कसला पदर घेतीस? लोक हसत्यात!” नाथाजी चिडून पुटपुटले आणि तरातरा पुढच्या दालनात शिरले.

अंबूबाई मागोमाग पोचल्या. तिथं वर्दीतल्या एका कर्नलचं चित्र होतं आणि त्याच्यासमोर नाथाजी टाचा जुळवून, छाती काढून, कडक सलाम ठोकून उभे होते.



अंबूबाई हळूच म्हणाल्या, “आवं, हात खाली घ्या आता. त्ये सायेब काय ‘विश्राम’ म्हणायचे न्हाईत.”