वादळ वळलं

माझा मुलगा विलास वादळात अडकलेल्या माणसांना सोडवणाऱ्या पथकात आहे. जिथे वादळ जाईल तिथे त्याला धाडतात, म्हणून तो कुठे आहे हे मी मोबाईलवरच्या हवामानाच्या नकाशात बघतो. चार वर्षांत तो घरी आलेला नाही.

या खेपेला अरबी समुद्रातलं वादळ थेट नगरच्या दिशेने निघालं. विलासचा फोन आला, “तात्या, आमाला पारनेरलाच पाठवनार हायेत. मुक्कामाला घरी येतो.”

मी दारोदार फिरून लोकांना पत्र्यांवर दगड ठेवायला आणि कांद्याच्या चाळी झाकायला लावलं. मग ऊन होतं तोवर विलासची गादी अंगणात टाकली. शेजारचा सर्जेराव हसला, “तात्या, वादळ येतंय का जावई?”

दुसऱ्या दिवशी दुपारी नकाशातली रेघ गुजरातकडे वळली. विलासचं पथकही तिकडेच गेलं. गावाचा जीव भांड्यात पडला.



संध्याकाळी सगळ्यांनी मिळून मारुतीपुढे नारळ आणला, आणि मी वेळेवर सावध केलं म्हणून तो फोडायचा मान मला दिला.