दरबाराची जागा

"माझ्या दालनात पणजोबा दरबार भरवायचे, तेवढं ठळक लिहा," शिक्षिका उपळेकर बाईंना संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. शाळा भरायची ती त्यांच्या पणजोबांच्या शिकारबंगल्यात, आणि स्मरणिकेसाठी वास्तूचा इतिहास लिहायचं काम बाईंकडे आलं होतं.

जुन्या कागदांत बाईंना मूळ नकाशा सापडला. अध्यक्षांचं दालन म्हणजे शिकारी कुत्र्यांची खोली होती. दरबार भरायचा तो आजच्या नववी 'ब'च्या प्रशस्त वर्गात. नोकरीची धास्ती होती, तरी बाईंनी खरं तेच लिहून दिलं.

अध्यक्षांनी लेख शांतपणे वाचला. "बरं झालं, आमची खरी जागा कळली."

सोमवारी अध्यक्षांची खुर्ची दरबारात गेली आणि नववी 'ब'ची बावन्न मुलं कुत्र्यांच्या खोलीत. बाईंनी लेख पुन्हा वाचला. त्यात एकही चूक नव्हती.