काही नाही

ही गोष्ट २०१९ च्या उन्हाळ्यातली. जऊळक्याजवळच्या आरोग्य उपकेंद्राला तेव्हा लोखंडी दार बसलं नव्हतं. बाया सरळ आत येत, तपासणीच्या खाटेवर पाय वर घेऊन बसत आणि औषधाच्या आधी गावाची खबर विचारत.

केशरबाई बीपी तपासायला म्हणून आली होती. ती शेजारच्या गावची. तिच्या उत्कर्षचं लग्न इथल्या इंद्रभानच्या योगिनीशी ठरलं होतं आणि साखरपुडा आठवड्यावर आला होता. रत्नमाला सिस्टरनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"योगिनी आली होती म्हनं इथं," केशरबाई म्हणाली.

"बोलू नका मावशी, आकडा वर जातो."

"जाऊ द्या वर. रक्त घेतलं म्हनं तिचं. तपासाले वाशिमले पाठवलं म्हनं."

सिस्टर फुगा दाबत राहिल्या. योगिनी खरंच आली होती. तिचा मावसभाऊ राजू सिकलसेलने गेला होता. डोळे पिवळे करणारा हा रक्ताचा आजार आईबापांकडून लेकरांत उतरतो, म्हणून तिने लग्नाआधी आपण होऊन तपासून घेतलं होतं. घरीही सांगितलं नव्हतं. रक्तात काही निघालं नाही. ते ऐकून ती खाटेवर बसून रडली होती आणि जाताना म्हणाली होती, "सिस्टर, मी आली होती हे बी कोनाले सांगू नका."

त्याच महिन्यात नव्या साहेबांनी सगळ्या सिस्टरना समोर बसवून बजावलं होतं. पेशंटचं कोणाला काही सांगाल, तर नोकरी जाईल आणि कोर्टाची पायरी चढावी लागेल ती वेगळीच.

"मी कोणाच्या तब्येतीचं कोणाला सांगत नाही," रत्नमाला सिस्टर म्हणाल्या.

केशरबाई हसली. "कवापासून?"

सिस्टरनी फुगा आणखी दाबला.

"मांगच्या साली विनोदची बायको महिनाभर खोकलत होती. याच खाटीवर बसून इचारलं मी. तुमी म्हनल्या, काही नाही, साधा खोकला हाये. पंचफुलाच्या पोटात गोळा हाये म्हनून गाव बोंबलत होतं. तवा बी तुमीच म्हनल्या, काही नाही, गॅस हाये. म्हनल्या का नाही?"

"म्हटलं असेल. आता तसं चालत नाही."

"आताच काहून चालत नाही? ज्याले काही नाही त्याचं तुमी सांगता. मंग जिचं सांगत नाही, तिले काय हाये?"

पट्ट्यातली हवा सुटत गेली. आकडा पाहायचा राहून गेला.

बाहेर ओट्यावर दोघीतिघी बसल्या होत्या. त्यांचं बोलणं थांबलं होतं. रत्नमाला सिस्टरच्या लक्षात आलं की आपण गप्प राहिलो तर आज संध्याकाळपर्यंत योगिनीला आजार झालेला असेल. दोन शब्द बोलले की लग्न वाचत होतं. पण ते बोलायचे नाहीत, असंच त्या पोरीला कबूल केलं होतं. त्यांनी पुन्हा हवा भरली, पुन्हा सोडली.

मग हळूच म्हणाल्या, "काही नाही तिला. मावशी, खरंच काही नाही."

केशरबाईने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. दंडाचा पट्टा स्वतःच ओढून काढला.

"एवढ्याशा बोलाले एवढा टाइम? इंद्रभाननं शिकवून ठेवलं वाटते."

"बीपी तर पाहू द्या."

"राहू द्या. ते बी तुमी 'काही नाही'च म्हनसान."

दुसऱ्या दिवशी निरोप आला, साखरपुडा होणार नाही. योगिनी उपकेंद्रात आली ती दारातच उभी राहिली.

"मी फक्त काही नाही एवढंच म्हटलं ग," सिस्टर म्हणाल्या.

"कायमंदी काही नाही, सिस्टर? मी आल्याचंच सांगून देल्लं न तुमी."

उत्कर्षचं लग्न दिवाळीनंतर शेलूबाजारच्या मुलीशी झालं. तिथे कोणी कोणाचं रक्त तपासलं नाही. इंद्रभान नंतर किती तरी दिवस केशरबाईच्या गावावरून जायचं टाळायचा, स्टेशनला जायचं तरी लांबचा रस्ता धरायचा. केशरबाई बीपीच्या गोळ्या शिरपूरहून आणते. योगिनीला पुढे धम्मरत्नचं स्थळ आलं. पाहायला आले त्या दिवशी तिने चहाच्या आधीच सांगितलं, "मी तपासणी केली, मले काही नाही. तुमच्या पोराची केली का?" त्याच्या आईला ती तेवढ्यावरच आवडली.

रत्नमाला सिस्टर रिटायर होऊन वाशिमला राहतात. परवा स्टँडवर योगिनी दिसली. कडेवर लेकरू, हातात दवाखान्याची पिशवी. सिस्टरचा हात सवयीने लेकराच्या कपाळाकडे गेला.

"काय झालं ग बाळाला?"

योगिनी नुसती हसली. "माझी गाडी लागली, सिस्टर. जय भीम."

बस निघून गेली. योगिनीच्या रक्तात काही नाही, हे रत्नमाला सिस्टरइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं. तरी त्या तिथेच उभ्या राहिल्या, लेकराचे डोळे पिवळे दिसले का, ते आठवत.