दोन बाटल्या

"काय वास हो! बरंय, आमच्या शहरात असलं केंद्रच नाही," नाकाला रुमाल लावत साहेब म्हणाले. नदीच्या वरच्या अंगाच्या शहरातून ते या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या तपासणीला आले होते. केंद्राचा पाइप नदीत पडतो, तिथे त्यांनी पाइपाच्या वरच्या अंगाची एक आणि खालच्या अंगाची एक अशा दोन बाटल्या भरल्या आणि मीटर लावला. वरचं पाणी घाण निघालं, खालचं चांगलं.

"बाई, बाटल्या बदलल्यात तुम्ही."

"हात नाही लावला. चिठ्ठ्यांवर अक्षर तुमचंच आहे," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "पटत नसेल तर परत भरा."

साहेब पँट दुमडून पुन्हा पाण्यात उतरले. पाइपाच्या खाली गळ टाकून बसलेल्या तिघांनी सरकून त्यांना वाट दिली. पाइपाच्या वरच्या अंगाला कोणीच बसलं नव्हतं.

आकडे तेच आले. साहेबांचा आवाज उतरला. "मग वरून एवढी घाण सोडतं तरी कोण?"

बाईंनी रजिस्टर सहीसाठी पुढे सरकवलं. "आल्या आल्या तुम्हीच सांगितलंत की, साहेब."