गळ्याच्या उंचीवर

सुट्टीवर आलेल्या सायकलवाल्यांना बुजून अलोइसची गाभण गाय कड्यावरून खाली कोसळली. "आता येऊ दे एकेकाला, मुंडकीच उडवतो!" म्हणत त्याने वरच्या, उताराच्या पायवाटेवर, दोन झाडांच्या मध्ये, गळ्याच्या उंचीवर तार बांधली. बोटाने छेडली की वाजेल इतकी ताणली.

दुपारी गावच्या बचाव पथकाचा भोंगा वाजला. आल्प्सच्या कड्यांवर अडकलेल्या गिर्यारोहकांना सोडवणारं हे पथक, आणि अलोइस त्यातला सगळ्यात तरबेज गडी.

"वरच्या पायवाटेवर एक सायकलवाली पडलीय. एवढंच कळलंय, पळा!" पथकाची प्रमुख बुर्गल ओरडली. कुणी दोर उचलला, कुणी स्ट्रेचर. अलोइस तर सगळ्यांच्या पुढे धावत सुटला.

बुर्गलने मागून त्याचं मनगट धरलं.

"पडलेल्या बाईला हातातली ही पक्कड कशाला रे, अलोइस?"