नोंद क्रमांक दोनशे बारा

"हे कुणालाही खरं वाटणार नाही," सूचीकार म्हणाले, "पण ते पुस्तक कधी कुणी लिहिलंच नाही."

संशोधिकेची लेखणी थांबली. तीन वर्षं ती त्या पुस्तकामागे हात धुऊन लागली होती. भाषेतल्या यच्चयावत विज्ञानकथांची सूची करण्यात सूचीकारांनी उभा जन्म घातला होता. त्या सूचीत दोनशे बारावी नोंद होती 'शुक्रावरचे बिऱ्हाड' या कादंबरीची. लेखकाचं नाव टोपण, खाली चार ओळींचं कथानक. तिने चार ग्रंथालयं पालथी घातली, पण प्रत कुठेच नव्हती.

मतं मात्र होती. तीन समीक्षकांची. ती तिने आत्ताच वाचून दाखवली होती. एकाला विज्ञान कच्चं वाटलं होतं, दुसऱ्याला पात्रं लाकडी. तिसरे तिचेच मार्गदर्शक. त्यांच्या मते शेवट साफ फसला होता. ते ऐकून सूचीकार उठले होते, त्यांनी खिडकी लावली, पुन्हा उघडली, आणि मग हे बोलले.

"मग सूचीत कसं आलं, काका?"

सूचीकारांना तेवढंच हवं होतं. लोक म्हणे त्यांची सूची जशीच्या तशी उतरवून आपल्या नावावर खपवत. म्हणून त्यांनी मुद्दाम एक खोटी नोंद घुसवली, पिंजऱ्यात उंदरासाठी तुकडा लावावा तशी. शुक्रावर भाड्याची खोली शोधणारं जोडपं, ढग गळतात म्हणून कुरकुरणारा घरमालक, सगळं एका दुपारी रचलं. त्या चार ओळींवर तिघांनी पानंच्या पानं खरडली.

"बाजारात तुरी," सूचीकार म्हणाले. "शेवट फसला म्हणे. न वाचता."

संशोधिकेच्या अंगात वारं संचारलं. परिसंवाद उद्यावर आला होता. तिघेही पहिल्या रांगेत बसणार होते. न लिहिलेल्या पुस्तकाचे तीन समीक्षक! तिचा विषयच बदलला, निबंधाचं नाव ठरलं, पहिलं वाक्यसुद्धा सुचलं. तिने कागद गोळा केले, चप्पल पायात घातली, आणि दारातच थबकली. हे खोटं निघालं तर भर सभेत आपल्याच मार्गदर्शकांवर आळ घेतल्यासारखं होईल. पदवी गेली बाराच्या भावात.

"काका, एकट्याची साक्ष धरत नाहीत आमच्यात. ज्याला यात नफा-तोटा नाही असं दुसरं कुणी सांगेल का?"

सूचीकारांनी हात वर करून छताकडे दाखवलं. त्या वेळची माणसं सगळी तिकडे पोचली होती.

कोपऱ्यात काकूंचं शिलाई मशीन मघापासून खडखडत होतं. संशोधिका तिकडे वळली. मशीनच्या आवाजात हिला काही ऐकू येत नाही, हिला कशाला विचारतेस, असं सूचीकार घाईघाईने म्हणाले. तोवर तिने विचारलंही होतं.

"काकू, तुम्ही तेव्हा याच घरात होतात. 'शुक्रावरचे बिऱ्हाड' नावाचं पुस्तक कधी नव्हतंच, हे खरं ना?"

मशीन थांबलं. काकूंनी दातांनी दोरा तोडला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"नव्हतंच? अहो, मग आपल्या पलंगाखालच्या सत्त्याण्णव प्रती कसल्या? शंभर छापल्यात, तीन गेल्या."