आखूड बाह्या
शिंप्याने लेकीचा ड्रेस तिच्यापुढे धरला आणि जीभ चावली. बाह्या आखूड सांगितलेल्या, पण सवयीच्या हातांनी मनगटापर्यंत शिवल्या होत्या. तिच्या कोपरांवरचे सोरायसिसचे चट्टे झाकायला तो नऊ वर्षं लांबच बाह्या शिवत आला होता. आता औषधाने कातडी नितळ झाली होती. लेक हसली. "बाबा, डॉक्टर म्हणाल्या, शरीर राखणाऱ्या पेशीच चुकून कातडीवर तुटून पडतात. चट्टे गेले तरी काहीजणी तिथेच दबा धरून बसतात, जुनी जागा विसरत नाहीत. तुम्हीही त्यांच्यातलेच." त्याने खडूने कोपराखाली रेघ मारली. "अजून वर." रेघ कोपराच्या वर सरकली, कात्री चालली. कापलेले तुकडे तो खणात ठेवू लागला. "चट्टे पुन्हा उठले तर जोडता येतील." तिने ते तुकडे काढून घेतले आणि त्यांनीच मशीनवरचं तेल पुसलं. "उठले तर उठू देत. बाह्या आता वाढायच्या नाहीत."